डॉक्टरांच्या टेबलावरचा एआय माईक: संमती कोण देतं, आणि कशाची?

चाफेकळी · सोमवार, रात्री ९:४०

सासूबाईंना (वय ७८, बीपी, गुडघे, आणि हल्ली रात्रीची झोप नाही) घेऊन पुण्यातल्या आमच्या नेहमीच्या फिजिशियनकडे गेले होते. या वेळी रिसेप्शनवरच्या मुलीने टॅबलेट पुढे केला. नाव, मोबाईल, पत्ता आणि खाली बारीक इंग्रजीत चार-पाच ओळी. त्यातल्या एका ओळीचा अर्थ असा, की तुमचं डॉक्टरांशी होणारं बोलणं 'उपचारांचा दर्जा सुधारण्यासाठी व संबंधित कारणांसाठी' रेकॉर्ड होऊ शकतं. मी वाचायला लागले तर ती म्हणाली, "काही नाही मॅडम, नुसतं टिक करा." मागे रांग. केलं टिक.

आत टेबलावर बीपीच्या यंत्राशेजारी काड्यापेटीएवढा काळा माईक. एरवी डॉक्टर स्क्रीनकडे बघत टाईप करतात, या वेळी सासूबाईंकडे बघून बोलत होते. आम्ही बाहेर येईपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर प्रिस्क्रिप्शन आणि छान टाईप केलेला सारांश हजर. सोय झाली, नाही म्हणत नाही. पण त्या सारांशात झोपेच्या तक्रारीखाली लिहिलं होतं: 'धाकट्या मुलाच्या व्यसनामुळे घरात ताण.' सासूबाई बोलण्याच्या ओघात तसं म्हणाल्या होत्या खऱ्या. पण डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने हे कधीच लिहिलं नसतं. आमच्याकडे आईचे सगळे कागद घरच्या ग्रुपवर पडतात, आणि त्या ग्रुपवर दीरही आहेत.

तुमच्याकडे हे सुरू झालंय का? आवाज जातो कुठे, राहतो किती दिवस, कुणी विचारलंय का? आणि 'नको' म्हटलं तर डॉक्टर तपासतात ना?

-----

उंटावरचा · सोमवार, रात्री ९:५८

पयला! तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टर मूळव्याधीची चौकशी करतात तेव्हा पुढचे तीन नंबर आतच स्टुलावर बसलेले असतात. त्यातला एक जण "आमच्या मेव्हण्याला पण असंच होतं" म्हणून औषधही सांगतो. तिथे एआयने ऐकलं तर एक श्रोता वाढला, एवढंच. दिवे घ्या (हलकेच घ्या हो).

-----

पिठलंभाकरी · सोमवार, रात्री १०:१२

उंटावरचा, अगदी अगदी. मागे एकदा भेळ संपवून कागद चुरगाळणार तर वर लॅबचं नाव, खाली कुणा बाईंचा थायरॉइडचा रिपोर्ट, वयासकट. टीएसएच वाढलेलं होतं, बिचाऱ्या.

-----

खडूस · सोमवार, रात्री १०:२५

वरचे दोन्ही विनोद आवडले, पण मुद्दा नेमका तिथेच आहे. स्टुलावरचा माणूस तासाभरात विसरतो. भेळेचा कागद कचऱ्यात जातो. सर्व्हरवरचा आवाज विसरत नाही, आणि तो एका बाईंचा नसतो, त्या दवाखान्यात आलेल्या सगळ्यांचा असतो. 'आधी कुठे प्रायव्हसी होती' हे उत्तर झालं का? आधी नव्हती म्हणून आता जी उरलीय तीही देऊन टाकायची?

-----

स्टेथोस्कोप · सोमवार, रात्री ११:३०

मी नाशिकला फिजिशियन आहे आणि असं साधन वापरतो, म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यातूनच लिहितोय.

आधी ते चालतं कसं ते सांगतो. माईक किंवा मोबाईल आवाज घेतो, तो इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातो. तिथे बोलण्याचा मजकूर होतो. मग भाषेचं मॉडेल त्या मजकुरातून तक्रार, जुने आजार, तपासणी, निदान, औषधं अशी नोंद तयार करतं. मी ती वाचतो, दुरुस्त करतो आणि मग मंजूर करतो. मंजूर केल्यावर आवाज पुसला जातो, अशी सेटिंग मी ठेवली आहे. पुसला जातो असं कंपनी सांगते, मी काही त्यांच्या सर्व्हरवर जाऊन बघितलेलं नाही.

आता, का वापरतो? संध्याकाळच्या ओपीडीत साठ-सत्तर पेशंट असतात. २०१७ मध्ये 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात ६७ देशांतल्या डॉक्टर-भेटींच्या वेळेचा आढावा आला होता. स्वीडनमध्ये सरासरी साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद. आपण कुठल्या टोकाला आहोत ते तुम्हाला माहीत आहेच. त्या दोन-चार मिनिटांतली निम्मी मी लिहिण्यात घालवत होतो. दवाखाना बंद झाल्यावर रात्री अकरापर्यंत नोंदी पुऱ्या करायच्या, आणि तेव्हा कुणाच्या छातीत कोणत्या बाजूला दुखत होतं हे आठवायचं. आता माझ्या नोंदी पूर्वीपेक्षा पुऱ्या असतात.

चाफेकळी, तुमच्या सारांशातली ती ओळ मात्र डॉक्टरांनी वाचून काढायला हवी होती. ते यंत्राचं काम नाही, आमचं आहे. न वाचता मंजुरीचं बटण दाबणारे सहव्यवसायी मी पाहिलेत.

मी प्रत्येकाला तोंडी विचारतो. आजवर नाही म्हणणारे फार थोडे निघाले.

-----

खडूस · सोमवार, रात्री ११:४४

>> आजवर नाही म्हणणारे फार थोडे निघाले.

डॉक्टरसाहेब, प्रामाणिक लिहिलंत, आदर आहे. पण छातीत दुखतंय म्हणून आलेला माणूस डॉक्टरला 'नाही' म्हणेल? तुम्ही 'जरा जीभ दाखवा' म्हणता तेव्हाही नाही म्हणणारे थोडेच असतील.

-----

उंटावरचा · सोमवार, रात्री ११:४७

खिक्!

-----

बे एरियातली बाई · मंगळवार, पहाटे ५:२०

इथे कॅलिफोर्नियात हे बऱ्यापैकी रुळलंय. एका मोठ्या वैद्यकीय समूहाने २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू केलं, तर दहा आठवड्यांत साडेतीन हजारांच्या आसपास डॉक्टरांनी तीन लाखांहून जास्त भेटींत ते वापरल्याचं त्यांनीच नंतर प्रसिद्ध केलं. माझी डॉक्टर दर वेळी विचारते, मी हो म्हणते. तिचं लक्ष माझ्याकडे असतं हे खरं आहे.

इथला कायदा जुना पण कडक आहे. खासगी बोलणं रेकॉर्ड करायचं तर बोलणाऱ्या सगळ्यांची संमती लागते, १९६७ पासून. त्याच कायद्याखाली २०२५ च्या नोव्हेंबरात सॅन डिएगोच्या एका रुग्णालय समूहावर दावा लागला. फिर्यादी पेशंटचं म्हणणं, मला कुणी विचारलंच नाही. आणि खरी मेख पुढे आहे: त्याने पोर्टलवर स्वतःची नोंद उघडली तर तिच्यात लिहिलेलं, 'रुग्णास कल्पना दिली, रुग्णाने संमती दिली.' म्हणजे संमतीची ओळसुद्धा साच्यातून आपोआप आली, असा आरोप आहे. निकाल काय लागायचा तो लागो. मी तेव्हापासून घरी आल्यावर नोंद वाचते.

-----

पिठलंभाकरी · मंगळवार, सकाळी ७:०५

संमती विचारायचं कामही एआयलाच दिलं म्हणा की. स्वयंपूर्ण!

-----

वकीलसाहेबा · मंगळवार, सकाळी १०:५०

आपल्याकडे कायदाच नाही असा सूर लागायच्या आत लिहिते.

२०११ पासून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ अ खालचे नियम आहेत. शारीरिक-मानसिक आरोग्य, वैद्यकीय इतिहास ही 'संवेदनशील' माहिती, आणि ती गोळा करण्याआधी कशासाठी ते सांगून लेखी संमती घ्यायची. हे फक्त मोठ्या कंपन्यांना नाही, एकट्याच्या मालकीचा व्यवसायही त्यात येतो, म्हणजे दवाखानाही. किती दवाखान्यांना हे माहीत आहे, हा प्रश्न विचारू नका.

त्यापुढचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले, पण मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. तेव्हापासून संमती मोकळेपणी दिलेली, नेमक्या कारणापुरती, समजून दिलेली आणि विनाअट हवी. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल, मराठी त्यात आहेच. दिलेली संमती काढून घेणंही देण्याइतकंच सोपं हवं. एका टिकने दिली असेल तर काढायला चेन्नईच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र पाठवा, हे चालणार नाही. सुरक्षेत ढिलाई झाल्यास दंड २५० कोटींपर्यंत.

गंमत म्हणजे या कायद्यात संमतीचं जे पहिलंच उदाहरण दिलंय ते दूरवैद्यकाच्या अ‍ॅपचं आहे. अ‍ॅप तपासणीसाठी संमती मागतं आणि जाता जाता मोबाईलमधली संपर्कयादीही मागतं. बाई दोन्हीला हो म्हणते. कायदा म्हणतो, संपर्कयादीची तपासणीला गरज नाही, सबब तेवढा होकार धरायचा नाही. चाफेकळींच्या फॉर्मवरचं 'संबंधित कारणांसाठी' हे मला त्या संपर्कयादीच्याच जातीचं वाटतं. उपचाराची नोंद करायला आवाज लागतो, समजू शकते. कंपनीचं मॉडेल सुधारायला लागतो, तर तो वेगळा प्रश्न आणि वेगळी टिक.

नव्या कायद्याबद्दल एक तक्रारही आहे. त्यात 'संवेदनशील' असा वेगळा वर्गच नाही. तुमचा मानसोपचाराचा इतिहास आणि तुमचा पिझ्झ्याचा पत्ता एकाच पातळीवर.

-----

निवांत · मंगळवार, दुपारी २:३०

लीड्सहून. इथे एनएचएस इंग्लंडने (इथली सरकारी आरोग्यसेवा) २०२५ च्या एप्रिलमध्ये या साधनांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नुसता आवाजाचा मजकूर करणारं यंत्र वेगळं आणि त्यातून सारांश काढणारं वेगळं, असा भेद केलाय. सारांश काढणारं असेल तर ते वैद्यकीय उपकरण म्हणून किमान वर्ग १ मध्ये नोंदलेलं हवं. तरी दोन महिन्यांत पुन्हा बजावावं लागलं, की नियमात न बसणारी साधनं सर्रास वापरली जातायत, थांबवा. नियम आले म्हणजे पाळले गेले असं इथेही नाही.

आमच्या जीपीकडे (म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे) भिंतीवर पोस्टर आहे. पोस्टर वाचलं म्हणजे संमती दिली, असं धरतात की काय, हे मी विचारलं तर रिसेप्शनिस्ट म्हणाली नोंदवून ठेवते. तिने कुठे नोंदवलं देव जाणे.

-----

रानजाई · मंगळवार, दुपारी ४:१५

मी समुपदेशक आहे. माझ्या खोलीत हा माईक येणार नाही. मला दोन कंपन्यांचे फोन येऊन गेले, सेशनच्या नोट्स आपोआप, महिनाभर फुकट वगैरे.

फिनलंडमध्ये मानसोपचाराची केंद्रं चालवणारी वास्तामो नावाची कंपनी होती. तिचा डेटा चोरीला गेला, आणि २०२० मध्ये चोराने आधी कंपनीकडे आणि मग थेट एकेका रुग्णाकडे पैसे मागितले: द्या, नाहीतर तुमच्या थेरपिस्टशी झालेलं बोलणं जगजाहीर करतो. तीस हजारांच्या वर रुग्णांची माहिती त्यात होती. कंपनी दिवाळखोरीत गेली. २०२४ मध्ये आरोपीला सहा वर्षांहून जास्त शिक्षा झाली, पण बाहेर आलेलं आत कसं घालणार? आणि तिथे चोरीला गेल्या त्या लिहिलेल्या नोंदी. आवाज नव्हते. रडतानाचा आवाज सर्व्हरवर असण्याची कल्पना करा.

आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २३ खाली गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. पण माझं कारण कायद्याचं नाहीच. समोरची बाई माझ्याकडे येते तेव्हा पहिली तीन-चार सेशन ती इकडचं तिकडचं बोलते. कधीतरी पर्स मांडीवरून खाली ठेवते आणि मग खरं सांगायला लागते. टेबलावर लाल दिवा लागलेला असेल तर पर्स मांडीवरच राहणार.

-----

स्टेथोस्कोप · मंगळवार, संध्याकाळी ५:४०

रानजाई, समुपदेशनाबाबत पूर्ण सहमत. मीही काही पेशंटच्या वेळी बंद करतो. पण कुणाच्या वेळी बंद करायचं हे आधी कळत नाही, ही अडचण. सर्दी-खोकल्याला आलेली मुलगी उठता उठता दाराशी थांबून "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं" म्हणते. तो 'अजून एक'च खरा आजार असतो.

-----

टीपीएवाले काका · मंगळवार, संध्याकाळी ७:२०

टीपीएत, म्हणजे विमा कंपन्यांच्या वतीने आरोग्य विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेत, आयुष्य गेलं, आता निवृत्त. तुम्ही सगळे चोरीबद्दल बोलताय. मला चोरीपेक्षा रीतसर मागवलेल्या कागदाची भीती जास्त वाटते.

दावा आला की आम्ही जुने केसपेपर मागवायचो. आम्ही त्यात शोधायचो काय? एखादी ओळ. 'गेली सहा वर्षे अधूनमधून छातीत जळजळ.' 'पूर्वी धूम्रपान.' पॉलिसी घेताना लिहिलं नव्हतं, चला, माहिती लपवली. आता २०२४ पासून पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय असा दावा नाकारता येत नाही, ही चांगली सुधारणा. पण ती पाच वर्षं व्हायच्या आतलं काय?

जुने डॉक्टर पेशंटचं ऐकायचे वीस वाक्यं, लिहायचे दोन. काय लिहायचं नाही हे त्यांना कळायचं, आणि पेशंटचं अर्धं रक्षण त्यातच व्हायचं. हे यंत्र वीसच्या वीस लिहितं. "कॉलेजात असताना मित्रांबरोबर ओढायचो हो डॉक्टर, हॅ हॅ" हे वाक्य आता नोंदीत 'धूम्रपानाचा इतिहास' म्हणून जाणार. हॅ हॅ तेवढं जाणार नाही.

-----

खडूस · मंगळवार, संध्याकाळी ७:३१

काकांना +१०००. इतक्या वेळात पहिल्यांदा कुणीतरी रोगाचं नाव घेतलं.

-----

सुईण · मंगळवार, रात्री ८:१५

(स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, आयडीवर जाऊ नका.)

काका म्हणतात ते आमच्याकडे रोज घडतं. बाई नवऱ्याबरोबर येते. मी नवऱ्याला 'बाहेर काउंटरवर जरा फॉर्म भरा' म्हणून पिटाळते. दार बंद झालं की ती सांगते, लग्नाआधी एकदा पिशवी साफ केली होती, यांना माहीत नाही. मला वैद्यकीयदृष्ट्या ते माहीत हवं. कागदावर मी ते माझ्या पद्धतीने लिहिते, दुसऱ्या डॉक्टरला कळेल आणि नवऱ्याला कळणार नाही असं. गर्भपात कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने कलम ५ अ आलं. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचं नाव डॉक्टरने उघड केलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. माईकला हे कुणी शिकवलंय? आणि सारांश जाणार कुठे, तर रजिस्ट्रेशनला दिलेल्या मोबाईलवर. तो बहुतेक वेळा नवऱ्याचाच असतो!

राजकोटच्या प्रसूतिगृहातलं प्रकरण आठवा, २०२५ च्या फेब्रुवारीतलं. सुरक्षेसाठी म्हणून लावलेल्या सीसीटीव्हीतली बायकांच्या तपासणीची दृश्यं इंटरनेटवर विकली जात होती. अटक झालेल्यांत आपल्या लातूर-सांगलीकडचेही होते. त्या बायकांनाही कुणीतरी सांगितलं असेलच, काही नाही, कॅमेरा नुसता सुरक्षेसाठी आहे.

-----

संपादक मंडळ · मंगळवार, रात्री ८:४०

डॉक्टर व दवाखान्यांची नावे असलेला एक प्रतिसाद काढला आहे. कृपया नावे टाळावीत.

-----

उंटावरचा · मंगळवार, रात्री ८:४४

गोपनीयतेच्या धाग्यावर नावं टाकणाऱ्या सदस्यास साष्टांग दंडवत.

-----

कीबोर्डबहाद्दर · मंगळवार, रात्री १०:१०

मी याच क्षेत्रात आहे (आवाजाचा मजकूर करणं), पण दवाखान्यांसाठी नाही. चुकांचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितो.

ओपनएआयचं व्हिस्पर हे मॉडेल या कामात खूप वापरलं जातं. २०२४ मध्ये त्यावर एक अभ्यास आला. सुमारे एक टक्का आवाजांच्या तुकड्यांत मॉडेलने अख्खी वाक्यं मनाने घातली होती, कुणी न बोललेली. अशांपैकी जवळपास चाळीस टक्क्यांत ती वाक्यं घातक म्हणावीत अशी होती. आणि जिथे बोलणारा थांबत थांबत बोलतो तिथे हे जास्त होतं. दवाखान्यात थांबत कोण बोलतं? म्हातारी माणसं, पक्षाघात झालेले, घाबरलेले. म्हणजे ज्यांच्या नोंदी अचूक हव्यात त्यांच्याच बिघडायची शक्यता जास्त.

दुसरं, आपल्याकडे तपासायला माणूस एकटा जातच नाही. सासू, सून, नातू असा लवाजमा. सून म्हणते, "मलाही शुगर निघालीय हो." यंत्राला आवाज वेगळे करता आले नाहीत तर सासूबाई मधुमेही. मग आवाज लगेच पुसणं चांगलं की वाईट? गोपनीयतेसाठी चांगलं. पण नोंद चुकली हे सिद्ध करायचं तर मूळ आवाज हवा, आणि तो तुमच्याच भल्यासाठी पुसलेला!

-----

वकीलसाहेबा · मंगळवार, रात्री १०:३५

कीबोर्डबहाद्दर, हा मुद्दा कोर्टात येणार, लिहून ठेवा. ग्राहक मंचात डॉक्टरांविरुद्धचे अर्धे दावे नोंदीवर उभे राहतात. तूर्त पेशंटच्या हातात एक हत्यार आहे: नोंदी मागितल्यावर डॉक्टरने ७२ तासांच्या आत द्यायच्या, हे २००२ च्या वैद्यक परिषदेच्या नियमांत आहे. लगेच मागा, लगेच वाचा, चूक असेल तर लगेच लेखी कळवा.

-----

स्टेथोस्कोप · मंगळवार, रात्री ११:००

थोडं अवांतर. पेशंट आमचं बोलणं चोरून रेकॉर्ड करतात त्याचं काय? ओढणीखाली फोन, शर्टाच्या खिशात फोन. एकदा तर मध्येच फोनमधून आवाज आला, "स्टोरेज भरलं आहे" म्हणून.

-----

पिठलंभाकरी · मंगळवार, रात्री ११:०६

अहो, तुम्ही बोलता इतकं भरभर, आणि घरी गेल्यावर विचारतात डॉक्टर काय म्हणाले. माझ्या आईला ऐकवायला मी केलंय रेकॉर्ड. विचारून मात्र.

-----

वकीलसाहेबा · मंगळवार, रात्री ११:१५

आपण स्वतः ज्या संभाषणात आहोत ते रेकॉर्ड करायला सरसकट बंदी करणारा कायदा भारतात नाही. जुलै २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने पत्नीच्या नकळत केलेलं फोनचं रेकॉर्डिंगही घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून चालेल असा निकाल दिला. पण घरात आईला ऐकवणं वेगळं आणि धंद्यासाठी हजारो लोकांचे आवाज साठवणं वेगळं. नवा डेटा कायदाही घरगुती वापराला लागू नाही.

-----

बांधावरून · बुधवार, सकाळी ८:३०

धागा वाचून काढला. सगळे कंपनी, सर्व्हर, कायदा यावर बोलतायत. मला एक साधा प्रश्न पडला. चाफेकळी ताई, रिसेप्शनवर टिक तुम्ही केलं. पेशंट सासूबाई होत्या. त्यांना कुणी विचारलं का? म्हणजे तुम्ही तरी?

-----

उंटावरचा · बुधवार, सकाळी ८:३३

आईशप्पथ.

-----

चाफेकळी · बुधवार, दुपारी १:२०

बांधावरून, टोचलं, पण प्रश्न रास्त आहे. त्या बाकावर बसल्या होत्या, टॅबलेटवरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, आणि फॉर्म भरायचं काम घरात माझंच. काल रात्री त्यांना सगळं समजावून सांगितलं: माईक होता, बोलणं कंपनीकडे गेलं, कागद झाला, अमुकतमुक.

त्यांचं उत्तर तसंच्या तसं लिहिते. "त्या कंपनीला माझ्या गुडघ्यांचं काय लोणचं घालायचंय? पण तू आणि तुझा नवरा आत असता ना, त्यामुळे मला डॉक्टरांशी धड बोलता येत नाही. पुढच्या वेळी तू बाहेर बस." आणि वर, "त्या यंत्रामुळे डॉक्टर माझ्याकडे बघत तरी होते. नाहीतर त्यांच्या डोक्याचा मागचा भागच ओळखीचा झाला होता मला."

त्या कागदातल्या दिरांच्या ओळीवर मात्र चिडल्या. "ते मी त्यांना सांगितलं होतं, कागदाला नाही."

आज दवाखान्यात फोन केला. रिसेप्शनला काही माहीत नव्हतं. थोड्या वेळाने डॉक्टरांनी स्वतः फोन केला, हे त्यांचं चांगलं. ती ओळ काढून नवा सारांश पाठवला. आवाज तीस दिवस राहतो म्हणाले. 'संबंधित कारणं' कोणती, ते कंपनीला विचारून सांगतो म्हणाले. रेकॉर्डिंग नको असेल तर तसं सांगा, बंद करू, तपासणी तशीच होईल, असंही म्हणाले. मग हे टॅबलेटवर का नाही, विचारलं, तर फॉर्म कंपनीनेच बनवून दिलाय.

-----

सुईण · बुधवार, दुपारी १:४५

सासूबाईंना माझ्यातर्फे नमस्कार सांगा. आमच्या पेशाला जे उमगायला वर्षं लागतात ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. नातेवाईक बाहेर हा गोपनीयतेचा पहिला नियम.

-----

खडूस · बुधवार, दुपारी २:१०

>> फॉर्म कंपनीनेच बनवून दिलाय

वाटलंच होतं. संमती घेणार कंपनी, वापरणार कंपनी, आणि सही डॉक्टरच्या विश्वासावर. सासूबाईंचा दृष्टिकोन गोड आहे, पण 'कंपनीला काय करायचंय' हे कंपनी कधीच म्हणत नाही, हे त्यांना नम्रपणे कळवा.

-----

स्टेथोस्कोप · बुधवार, रात्री १०:४०

कालपासून अस्वस्थ होतो. आज कंपनीचा करार पुन्हा काढून वाचला. नाव-नंबर काढलेला मजकूर 'सेवा सुधारण्यासाठी' वापरायची मुभा त्यात आहे, बंद करायचा पर्याय आहे, पण तो मुळात चालू करून दिलेला असतो. बंद केला. वेटिंगमध्ये लावायला मराठीत पाटी लिहिली आहे, सुचवा:

'तपासणीच्या वेळी तुमचं-माझं बोलणं नोंद करण्यासाठी यंत्र वापरलं जातं. बोलणं बाहेरच्या कंपनीच्या संगणकावर जातं. नोंद झाल्यावर आवाज पुसायला सांगितलेलं आहे. नको असेल तर नुसतं 'बंद' म्हणा, कारण सांगायची गरज नाही. मध्येच बंद करायला सांगितलं तरी चालेल. फी आणि तपासणीत फरक पडणार नाही.'

-----

वकीलसाहेबा · बुधवार, रात्री ११:०५

उत्तम. कंपनीचं नाव आणि तक्रारीसाठी तुमचा नंबर घाला. आणि पाटी लावली म्हणून तोंडी विचारणं सोडू नका, नाहीतर निवांत यांच्या जीपीसारखं व्हायचं.

-----

टीपीएवाले काका · बुधवार, रात्री ११:१२

'मंजूर करण्याआधी नोंद पेशंटला वाचून दाखवू' हेही घाला की. अर्धा मिनिट लागेल.

-----

स्टेथोस्कोप · बुधवार, रात्री ११:२०

काका, साठ पेशंट गुणिले अर्धा मिनिट म्हणजे अर्धा तास. बायकोशी बोलून सांगतो.

-----

रानजाई · गुरुवार, सकाळी ९:००

पाटी छान. 'मध्येच बंद' हे सगळ्यात महत्त्वाचं, ते ठळक अक्षरात करा. दाराशी थांबून 'अजून एक' विचारणाऱ्या मुलीसाठी.

-----

उंटावरचा · गुरुवार, सकाळी ९:१५

सगळं पटलं. फक्त दंतवैद्याकडे कसं करायचं ते सांगा. आ वासलेला, तोंडात कापूस, निम्मा जबडा बधिर. 'बंद' म्हटलं तरी नोंद होणार: 'रुग्ण आँ आँ म्हणतो, संमती आहे.'